स्फटिकातले विष

डासांच्या अळ्या मारण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या बीटीआय या जीवाणूची हकिकत बहुधा १९७६ सालच्या इस्रायलपासून सांगितली जाते. नेगेव्ह वाळवंटातल्या एका आटत चाललेल्या डबक्यात योएल मार्गालिथ आणि लेनर्ड गोल्डबर्ग यांना क्युलेक्स डासाच्या मेलेल्या आणि मरू घातलेल्या अळ्यांचा थर दिसला. त्यातून त्यांनी जीवाणू वेगळा केला, १९७७ साली त्यावर निबंध लिहिला आणि पुढच्याच वर्षी पॅरिसच्या पाश्चर संस्थेतल्या युगेट द बार्जाक यांनी त्याचे ‘इस्रायलेन्सिस’ असे नामकरण केले. शोध मोठाच होता. पण त्या डबक्यापासून सुरुवात केली की या इतिहासातला मुख्य धागा हातून निसटतो. जीवाणूचे विष कुठे आणि कशामुळे कार्यरत होते, या प्रश्नाचे उत्तर त्याच्या दोन दशके आधीच मिळाले होते, आणि तेही रेशीमकिड्यांच्या अभ्यासातून. बीटीआयची सुरक्षितता, त्याचा टिकाऊपणा आणि त्याच्या मर्यादा या तिन्हींचा उलगडा त्याच उत्तरातून होतो, असे माझे मत आहे.

१९०१ साली जपानमध्ये शिगेताने इशिवाता यांनी रेशीमकिड्यांना अचानक लोळवणाऱ्या रोगामागचा जीवाणू शोधला. १९११ मध्ये जर्मनीत अर्न्स्ट बर्लिनर यांना थुरिंगियातल्या पिठाच्या पतंगात त्याचाच भाईबंद सापडला. १९१५ साली त्यांनी त्याला बॅसिलस थुरिंजिएन्सिस, म्हणजे आपल्या आजच्या बोलण्यातला ‘बीटी’, हे नाव दिले; बीटीआय हा त्याचाच एक प्रकार. बीजाणू तयार होताना या जीवाणूच्या पेशीत शेजारीच एक स्फटिक तयार होतो. तो सूक्ष्मदर्शकाखाली दिसत होता, पण त्याचे काम काय ते कळत नव्हते. १९५३ मध्ये हॅने यांनी या स्फटिकाचा रोगाशी संबंध असावा असे सुचवले आणि लगेच १९५४ मध्ये कॅनडाच्या थॉमस अँगस यांनी तो सिद्ध केला. स्फटिक साध्या पाण्यात विरघळत नाही, अल्कधर्मी द्रावात मात्र विरघळतो, आणि रेशीमकिड्याचे आतडे तीव्र अल्कधर्मी असते. म्हणजे जीवाणू विष तयार करून ठेवतो, पण ते मोकळे होते किड्याच्या पोटात. माझ्या दृष्टीने या इतिहासातला निर्णायक क्षण हा आहे.

डासाच्या अळीत हेच पुन्हा, पण अधिक गुंतागुंतीने घडते. अळी तोंडाजवळच्या केसांच्या झुबक्यांनी पाणी ढवळते आणि त्यातले कण सरसकट गिळते. त्यांत स्फटिकही जातो. तिच्या मध्यांत्रात पीएच १० च्या आसपास असतो. तिथे स्फटिक विरघळतो आणि क्राय-४ए, क्राय-४बी, क्राय-११ए व सायट-१ए ही प्रमुख प्रथिने मोकळी होतात. अजूनही ती अर्धवटच असतात. अळीची स्वतःची पाचक विकरे त्यांचे तुकडे पाडतात. सुमारे १३० किलोडाल्टनच्या क्राय-४ प्रथिनापासून साधारण त्याच्या निम्म्या आकाराचा गाभा उरतो. हा गाभा आतड्याच्या पेशींवरच्या ठरावीक ग्राहींना चिकटतो आणि पेशीच्या पटलाला भोके पाडतो. पेशी पाणी शोषून फुगतात, फुटतात. अळी खाणे थांबवते आणि सहसा दिवसभरात मरते. कोष काहीच खात नाही, म्हणून त्याला हे विष लागत नाही.

यावर कोणी म्हणेल, एवढे कशाला, विषच मुळात निरुपद्रवी आहे म्हणून ते सुरक्षित. पुरावा याच्या नेमका उलट आहे. १९८३ साली केंब्रिजच्या थॉमस आणि एलर यांनी बीटीआयचे स्फटिक अल्कलीत विरघळवून पाहिले. त्या द्रावाने सस्तन प्राण्यांच्या तांबड्या रक्तपेशी फोडल्या, आणि तो शिरेतून टोचल्यावर उंदीर मेले. अखंड स्फटिकाने मात्र काहीही झाले नाही, आणि तोंडावाटे दिल्यावरही अपाय दिसला नाही. म्हणजे सुरक्षितता विषाच्या स्वभावात नाही, ते कुठे उघडते यात आहे. आपल्या जठरात आम्ल असते. तिथे या प्रथिनांना अळीच्या आतड्यातली परिस्थिती मिळत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: डास याला सरावणार नाहीत का? पश्चिम आफ्रिकेत नदी-अंधत्व पसरवणाऱ्या काळ्या माश्यांविरुद्ध १९७४ पासून मोहीम चालू होती. १९८० च्या सुमारास माश्या टेमीफॉस या रासायनिक कीटकनाशकाला दाद देईनाशा झाल्या, तेव्हा तिथे बीटीआय कामी आले. पण जीवाणू आहे म्हणून तो अजेय, असे मानता येत नाही. स्फेरिकस हा दुसरा जीवाणू कोचीत क्युलेक्सवर वापरला गेला आणि तिथल्या डासांत त्याविरुद्ध मोठी प्रतिकारशक्ती आल्याची नोंद १९९५ साली झाली. त्याच्या स्फटिकातली दोन प्रथिने मिळून एकच विष होते आणि ते एकाच ग्राहीवर अवलंबून असते; तो ग्राही बदलला की खेळ संपला. जॉर्जियू आणि वर्थ यांनी १९९७ मध्ये बीटीआयबाबत हीच गोष्ट प्रयोगशाळेत तपासली. एकट्या क्राय-११ए ला तोंड देणाऱ्या क्युलेक्सची प्रतिकारशक्ती २८ पिढ्यांत ९०० पटींहून जास्त वाढली. चारही प्रथिने एकत्र देताच ती जेमतेम ३ पटींवर राहिली. यात सायट-१ए चा वाटा खास आहे. ते स्वतः पेशीच्या पटलात शिरते आणि क्राय-११ए ला चिकटायला जागा देते, हे २००५ मध्ये दाखवले गेले. डासाने आपला ग्राही बदलला तरी विष स्वतःचा ग्राही बरोबर आणते!

मात्र ज्याचे आतडे असे अल्कधर्मी आणि पेशी अशा, त्या प्रत्येक किड्याला हा नियम लागू होतो. डासांसारख्याच दिसणाऱ्या, न चावणाऱ्या कायरोनोमिड माश्यांच्या अळ्याही पाण्यातले कण खातात. दक्षिण फ्रान्सच्या कामार्ग पाणथळीत २००६ पासून बीटीआय फवारल्यावर तिथल्या पाकोळ्यांचे अन्न घटले आणि त्यांची पिल्ले कमी वाचू लागली, असे २०१० च्या अभ्यासात आढळले. हा आक्षेप मला खोडता येत नाही, आणि खोडूही नये. पक्ष्यांच्या अन्नसाखळीचा आधार असलेली पाणथळ आणि गोव्यातल्या बांधकामांवरचे साचलेले पाणी यांना एकच माप लावणे मला चूक वाटते. गोव्यात अ‍ॅनॉफिलिस स्टीफेन्सी डासाविरुद्ध झालेल्या आणि १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बीटीआयच्या जोडीला पाण्यात अळ्या खाणारे छोटे मासेही सोडले होते. स्फटिक काही दिवसांत तळाशी बसतो आणि पृष्ठभागावर खाणाऱ्या अ‍ॅनॉफिलिसच्या अळीच्या तोंडी लागत नाही. मासे मात्र पाण्यातच राहतात.