वाघिणीत काय होतं?

मी दर मंगळवारी मॉडेल रेल्वे क्लबात जातो म्हटलं की मंडळातले मित्र हसतात. "अहो, या वयात खेळण्यातल्या गाड्या?" पण मंडळी, या छंदाला शंभर वर्षांहून मोठा इतिहास आहे.

लंडनचा मॉडेल रेल्वे क्लब १९१० साली निघाला. अमेरिकेत १९३५ मध्ये मिलवॉकीला राष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि तिने मापं ठरवली. त्याआधी एकाचा डबा दुसऱ्याच्या रुळांवर चालेलच याची खात्री नसे. मापं जुळली आणि क्लबात चार जणांच्या गाड्या एकत्र धावू लागल्या.

पण नुसत्या गोल गोल फिरवून काय करायचं? १९४०च्या दशकात फ्रँक एलिसन यांनी लिहिलं, की ही मांडणी म्हणजे रंगमंच, गाड्या म्हणजे नट आणि वेळापत्रक म्हणजे कथानक. आपल्या नाटकवेड्या मंडळींना हे लगेच पटेल! पुढे १९६१ मध्ये डग स्मिथ यांनी कार्डांची पद्धत मांडली. प्रत्येक वाघिणीला तिची बिल्टी, म्हणजे माल कोणता, कुठून आला, कुठे जायचा. गाडीला आता काम मिळालं.

माल भरायच्याही युक्त्या आहेत. फोमच्या उंचवट्यावर खऱ्या कोळशाचा चुरा चिकटवायचा, आत लोखंडी पट्टी लपवायची. चुंबक धरला की अख्खा ढीग वर! दुसरी युक्ती म्हणजे पडद्याच्या एका बाजूला खाण, दुसऱ्या बाजूला वीजकेंद्र, आणि आतून रूळ जोडलेले. वीजकेंद्रात ढकललेल्या भरल्या वाघिणी पलीकडे खाणीतून बाहेर येतात, रिकाम्या उलट जातात. कुणाला हात लावावा लागत नाही.

आमची मांडणी १९५०च्या दशकातली, वाफेची इंजिनं जाऊन डिझेल येतानाची. त्यातले बरेचसे कारखाने आज उरलेले नाहीत. इंजिनांचे फोटो ढिगाने सापडतात, पण अमुक साइडिंगला कोणता माल उतरायचा, हे मात्र क्लबातल्या निवृत्त रेल्वेवाल्यांच्याच डोक्यात आहे. दरवर्षी एखादी खुर्ची रिकामी होते. म्हणून आम्ही आता त्यांना विचारून बिल्ट्या लिहितो.

पुण्याला गेलात तर १९९८ मध्ये सुरू झालेलं जोशींचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय मुलांना जरूर दाखवा. आणि घरात मालधक्क्यावर नोकरी केलेले कुणी आजोबा-काका असतील, तर त्यांना या दिवाळीत फोन करून एवढंच विचारा, "वाघिणीत काय असायचं?" उत्तर मात्र लिहून ठेवा.