एका जाहिरात-कराची कुळकथा

ऑनलाइन जाहिरातीवर कर आकारायचा तरी कुठे? कंपनी एका देशातली, जाहिरातदार दुसऱ्यातला, बघणारा तिसऱ्यातलाच. भारताने १ जून २०१६ पासून सरळ वाट काढली: परदेशी कंपनीला जाहिरातीचे पैसे देणाऱ्या इथल्या व्यावसायिकानेच ६ टक्के कापून सरकारजमा करायचे. लोक त्याला 'गूगल टॅक्स' म्हणत. एप्रिल २०२५ मध्ये तो बंद झाला.

अमेरिकेत मे २०१९ मध्ये नोबेलविजेते अर्थतज्ज्ञ पॉल रोमर यांनी असाच कर सुचवला, पण चढत्या दराचा. मेरीलँड राज्याला तेव्हा शाळांसाठी मोठा निधी उभा करायचा होता. तिथल्या सिनेटचे अध्यक्ष बिल फर्ग्युसन यांनी ही कल्पना उचलली आणि तिचं विधेयक झालं. या विधेयकातली खरी मेख दरात आहे. कर राज्यातल्या जाहिरात-उत्पन्नावर, पण दर ठरतो कंपनीच्या जगभरच्या उलाढालीवरून. ती १० कोटी डॉलरच्या वर गेली की २.५ टक्के, १,५०० कोटींच्या वर थेट १०. गल्लीतल्या छोट्या वेबसाइटला त्याची झळ नाही.

मार्च २०२० मध्ये विधेयक मंजूर झालं आणि कोरोनामुळे अधिवेशन मुदतीआधीच गुंडाळलं गेलं. मे महिन्यात गव्हर्नर लॅरी होगन यांनी व्हेटो वापरला. अशा काळात करवाढ नको, हा त्यांचा मुद्दा. मला तो पटत नाही. दुकानांना कुलपं लागली, तेव्हा माणसं स्क्रीनकडेच वळली होती. कर त्या स्क्रीनवर कमावणाऱ्यांवर होता.

व्हेटो उलटवायला तीन-पंचमांश मतं लागतात. ४७ जणांच्या सिनेटमध्ये २९. १२ फेब्रुवारी २०२१ ला पडली नेमकी २९, विरोधात १७. एक मत कमी पडतं, तर अमेरिकेतला हा पहिला राज्यस्तरीय डिजिटल जाहिरात-कर तिथेच संपला असता.

पुढे आमदारांनी एक चूक केली. कंपन्यांनी हा बोजा ग्राहकांच्या बिलात वेगळा दाखवून वसूल करू नये, अशी बंदी त्यांनी घातली. कर न्याय्य असेल तर तो लपवायचा कशाला? ऑगस्ट २०२५ मध्ये फेडरल अपील न्यायालयाने ही बंदी अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या विरोधात ठरवली, आणि ते योग्यच झालं.