कॅमेरा कोण बघतोय? एका टिकमार्कचा इतिहास

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हा आजच्या एपिसोडचा मजकूर. बोलतानाची अडखळ तेवढी काढली आहे, बाकी बोललो तसंच आहे.

सीसीटीव्हीच्या ॲपमध्ये किंवा डीव्हीआरच्या मेनूत एक पान असतं, 'युजर' नावाचं. ते कोणी सहसा उघडत नाही. उघडलंच तर चौकटीच चौकटी दिसतात. लाईव्ह बघणं, मागचं रेकॉर्डिंग बघणं, कॉपी काढणं, कॅमेरा फिरवणं, सेटिंग बदलणं. आणि प्रत्येक कॅमेऱ्यासाठी हे सगळं वेगळं. बसवायला आलेला माणूस काय करतो? 'सिलेक्ट ऑल' दाबतो, पासवर्ड चिठ्ठीवर लिहून देतो आणि पुढच्या साईटवर जातो. त्याचंही बरोबर आहे म्हणा, त्याला दिवसात चार साईट उरकायच्या असतात. पण या चौकटी कंपन्यांना हौस होती म्हणून आलेल्या नाहीत. बऱ्याच चौकटींमागे कोणाचं तरी काहीतरी वाईट झालेलं आहे. आज ती गोष्ट.

सुरुवात १९४२ ची. जर्मनी, बाल्टिक समुद्राच्या काठावरचं पेनेम्युंडे. तिथे पुढे व्ही-२ म्हणून ओळखल्या गेलेल्या रॉकेटच्या चाचण्या चालल्या होत्या. उडताना रॉकेट फुटलं तर जवळ उभा असलेला माणूस जिवानिशी जायचा. म्हणून वॉल्टर ब्रुख नावाच्या इंजिनिअरने कॅमेरे लावले आणि लांब, सुरक्षित जागी पडदा ठेवला. सीसीटीव्हीच्या इतिहासात साधारण इथूनच पहिलं पान सुरू करतात. 'क्लोज्ड सर्किट' म्हणजे काय, तर चित्र हवेत सोडायचं नाही, तारेतूनच न्यायचं. तार जिथे संपते त्या खोलीत जो बसलाय, तोच बघणार. परवानगीची सगळी व्यवस्था म्हणजे त्या खोलीचं दार!

(जाता जाता: याच ब्रुखने पुढे 'पाल' ही रंगीत टीव्हीची पद्धत तयार केली. दूरदर्शनने १९८२ मध्ये रंग आणले ते याच पद्धतीने. डीव्हीआरच्या मेनूत 'पाल की एनटीएससी' असं विचारतात ना, ते पाल म्हणजे हेच.)

दार हीच परवानगी, ही कल्पना बरीच वर्षं टिकली. १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या नर्सने नवऱ्याच्या मदतीने घरासाठी कॅमेऱ्याची व्यवस्था आखली. तिच्या ड्युटीच्या वेळा अवेळीच्या, वस्तीत गुन्हे वाढलेले, आणि पोलीस यायला उशीर लावायचे. दाराला वेगवेगळ्या उंचीवर भोकं, त्यांच्यामागे वर-खाली सरकणारा कॅमेरा, आणि चित्र थेट बेडरूममधल्या पडद्यावर. बाहेरच्याशी आतूनच बोलायचं, ओळखीचा असेल तर बटण दाबून कडी काढायची, नसेल तर अलार्म. पेटंट मिळालं २ डिसेंबर १९६९ ला. आजच्या व्हिडिओ डोअरबेलचं जवळपास सगळं त्यात होतं. फक्त एक गोष्ट नव्हती: युजरची यादी. पडदा तिच्या बेडरूममध्ये होता, मग यादी कशाला?

यादीचा शोध कॅमेऱ्याच्या दुनियेत लागलाच नाही. तो लागला कॉम्प्युटरच्या दुनियेत, आणि गरिबीतून लागला असं म्हटलं तरी चालेल. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत एमआयटीमध्ये एकच महागडा कॉम्प्युटर अनेक जण वाटून वापरायचे. प्रत्येकाला वेळ ठरवून दिलेला, प्रत्येकाच्या फाइल वेगळ्या. म्हणून फर्नांडो कॉर्बाटोच्या टीमने पासवर्ड आणला. आणि १९६२ मध्ये ॲलन शेर नावाच्या संशोधक विद्यार्थ्याला मिळालेला वेळ पुरेना, तेव्हा त्याने सगळ्यांच्या पासवर्डची फाइलच छापून घेतली. हॅकिंग वगैरे काही नाही हं. 'ही फाइल प्रिंट करा' अशी रीतसर विनंती टाकली, आणि मशीनने मुकाट्याने छापून दिली. कारण 'कोण आहेस' हे विचारायला मशीन शिकलं होतं. 'तुला हे बघायचा हक्क आहे का' हे विचारायला अजून शिकायचं होतं.

हे दोन प्रश्न वेगळे आहेत, एवढं लक्षात ठेवा, पुढचं सगळं सोपं जाईल.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मल्टिक्स या पुढच्या सिस्टिमने दिलं. प्रत्येक फाइलला एक यादी चिकटवलेली: अमुक वाचू शकतो, तमुक वाचू आणि बदलू शकतो, बाकी कोणी नाही. १९७५ मध्ये जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी एका पेपरमध्ये त्यामागची तत्त्वं मांडली. त्यातलं एक फार कामाचं आहे. कामापुरतीच परवानगी द्यायची, त्याहून जास्त नाही. वॉचमनला गेट आणि पार्किंग दिसलं पाहिजे, तेही फक्त लाईव्ह. त्याला लिफ्टमधलं मागच्या मंगळवारचं रेकॉर्डिंग कशाला हवं? यात वॉचमनवर अविश्वास नाही. त्याचा फोन चोरीला गेला, तर चोराच्या हातीही फक्त गेटच लागतं. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी, फेराओलो आणि कून यांनी, त्यात 'रोल' ही कल्पना नीट बसवली. माणसाला परवानगी द्यायचीच नाही, पदाला द्यायची. सेक्रेटरी बदलला की नवा माणूस त्या पदावर बसवायचा, जुना आपोआप बाहेर. आपल्याकडे जुने सेक्रेटरी दुबईला जाऊन दोन वर्षं झाली तरी त्यांच्या फोनवर सोसायटीचं गेट दिसत असतं, ते हे न केल्यामुळे.

या दोन दुनिया, कॅमेऱ्याची आणि यादीची, एकमेकींना भेटल्या त्या एका कॉफीच्या भांड्यापाशी. केंब्रिज विद्यापीठ, १९९१. वरच्या मजल्यावरून खाली कॉफीला यायचं आणि भांडं रिकामं, हा रोजचा वैताग. क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर आणि पॉल जार्डेट्झ्की यांनी भांड्यावर कॅमेरा रोखला आणि चित्र लॅबच्या नेटवर्कवर टाकलं. काळं-पांढरं, १२८ बाय १२८ पिक्सेल, पण कॉफी आहे की नाही तेवढं कळायचं. इथवर ठीक. लॅबमधला माणूस, लॅबमधली कॉफी. नोव्हेंबर १९९३ मध्ये तेच चित्र वेबवर जोडलं गेलं आणि जगभरातले लोक केंब्रिजची कॉफी बघू लागले. २००१ मध्ये कॅमेरा बंद झाला, तेव्हा भांडं लिलावात ३,३५० पौंडांना गेलं. गोड गोष्ट आहे, सगळे ती हसून सांगतात. पण त्यात झालं काय? कॅमेरा तोच, भांडं तेच, फक्त बघणाऱ्यांची यादी लॅबमधल्या मोजक्या जणांवरून 'कोणीही' अशी झाली. भांड्याची काही हरकत नव्हती. माणूस असता तर?

माणूस दोनच वर्षांनी आला. इंग्लंडच्या एसेक्समधलं ब्रेंटवुड हे छोटं शहर. नगर परिषदेने १९९४ मध्ये रस्त्यावर कॅमेरे लावले होते. ऑगस्ट १९९५ च्या एका रात्री एक माणूस हातात स्वयंपाकघरातली सुरी घेऊन रस्त्याने चालला होता. मनाच्या फार वाईट अवस्थेत होता, आणि धोका त्याच्यापासून दुसऱ्या कोणाला नव्हता, त्याचा त्यालाच होता. कंट्रोल रूममधल्या ऑपरेटरने पाहिलं, पोलिसांना कळवलं. पोलीस आले, सुरी काढून घेतली, मदत मिळाली. त्याचा जीव वाचला असं म्हणायला हरकत नाही. कॅमेऱ्याने आपलं काम चोख केलं.

मग परिषदेला वाटलं, बघा, आमचे कॅमेरे किती उपयोगी! त्यांनी आपल्या सीसीटीव्हीविषयीच्या पत्रकात ती चित्रं छापली. चेहरा झाकला नव्हता. स्थानिक वृत्तपत्रांत ती आली, मग प्रादेशिक टीव्हीवर, मग बीबीसीच्या गुन्हेविषयक कार्यक्रमात. टीव्हीवर चेहरा झाकायचा प्रयत्न झाला, पण तो इतका अपुरा होता की ओळखीच्यांनी ओळखलंच. त्या माणसाला यातलं काही माहीत नव्हतं. आपल्या आयुष्यातली सगळ्यात वाईट रात्र टीव्हीवर गाजतेय हे त्याला ओळखीच्यांकडून कळलं.

इंग्लंडच्या कोर्टात तो हरला. परिषदेने कायद्याबाहेर काही केलं नाही, असं उत्तर मिळालं. मग तो स्ट्रासबुर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेला. समोरची बाजू तुम्हालाही सुचेल: अहो, रस्ता सार्वजनिक आहे, रस्त्यावर तो सगळ्यांना दिसतच होता! २८ जानेवारी २००३ ला न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. येणाऱ्या-जाणाऱ्याने पाहणं वेगळं, सुरक्षेसाठी कॅमेऱ्याने पाहणं वेगळं, आणि लाखोंच्या टीव्हीवर जाणं वेगळं. परिषदेला त्याची संमती विचारता आली असती, किंवा चेहरा नीट झाकता आला असता. त्यांनी दोन्ही केलं नाही. ११,८०० युरोंची भरपाई ठरली.

माझ्या मते त्या मेनूतल्या 'एक्सपोर्ट' या चौकटीचा खरा अर्थ या खटल्यात आहे. ऑपरेटरला बघायची परवानगी होती आणि असायलाच हवी होती. पण बघणं आणि ते बाहेर नेणं ही दोन कामं आहेत. काही मोठ्या सिस्टिममध्ये तर दोन जणांनी आपापला पासवर्ड टाकल्याशिवाय काम पुढे जात नाही, बँकेच्या लॉकरच्या दोन किल्ल्यांसारखं. आणि आपण? 'बघा काल रात्री कोण आलं होतं' म्हणून क्लिप सोसायटीच्या ग्रुपवर टाकून मोकळे.

पुढचा भाग भराभर सांगतो, कारण तो त्याच त्या चुकीचा आहे. १९९६ मध्ये स्वीडनच्या ॲक्सिस कंपनीने थेट नेटवर्कला जोडता येणारा कॅमेरा आणला. २००८ मध्ये ॲक्सिस, बॉश आणि सोनी यांनी मिळून 'ऑन्व्हिफ' हे मानक सुरू केलं. त्यात ॲडमिनिस्ट्रेटर, ऑपरेटर, युजर आणि लॉगिन न केलेला अनोळखी, अशा पायऱ्या आहेत. म्हणजे सोय होती. पण २०१६ मध्ये 'मिराय' नावाचा व्हायरस आला. त्याच्याकडे होती फक्त कारखान्यातून येणाऱ्या साठेक युजरनेम-पासवर्डच्या जोड्यांची यादी. तेवढ्यावर त्याने जगभरचे कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले. २१ ऑक्टोबरला अशाच उपकरणांच्या फौजेने ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साईट काही तास आडव्या पाडल्या. हा व्हायरस लिहिणारे तिघे विशीच्या आसपासचे होते, आणि त्यांना रस होता माइनक्राफ्टच्या सर्व्हरच्या धंद्यात!

बरं, पासवर्ड बदलला, चौकटी नीट भरल्या, तरी प्रश्न राहतो की कंपनीकडे काय आहे. मार्च २०२१ मध्ये व्हर्काडा या अमेरिकन कंपनीचे सुमारे दीड लाख कॅमेरे हॅकरना दिसू लागले. हॉस्पिटल, शाळा, तुरुंग, टेस्लाचं गोदाम. गिऱ्हाइकांचे पासवर्ड फुटले नव्हते. कंपनीच्या आत एक 'सुपर ॲडमिन' खातं होतं, सगळी दारं उघडणारं, आणि त्याचीच किल्ली इंटरनेटवर उघडी पडली होती. अमेरिकेच्या ग्राहकहित पाहणाऱ्या आयोगाने २०२३ मध्ये ॲमेझॉनच्या 'रिंग'वर ठेवलेला आरोप याहून साधा आणि याहून घाण होता. कंपनीतल्या एका कर्मचाऱ्याने २०१७ मध्ये महिला ग्राहकांच्या घरातल्या कॅमेऱ्यांची हजारो रेकॉर्डिंग पाहिली. तोडायला कुलूप नव्हतंच, कारण त्या काळात कंपनीतल्या प्रत्येकाला प्रत्येक ग्राहकाचे व्हिडिओ उघडता येत होते.

आणि हे अमेरिकेचं आहे म्हणून सोडून देऊ नका. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातल्या तपासणीचे व्हिडिओ इंटरनेटवर विकले जात असल्याचं उघड झालं. पासवर्ड 'ॲडमिन१२३' छापाचा होता, अशा बातम्या आल्या. पकडलेल्यांत आपल्या लातूर आणि सांगलीकडची तरुण मुलंही होती. पासवर्ड सोपा होता हे खरंच. पण मला त्याआधीचा प्रश्न जास्त टोचतो: तपासणीच्या खोलीत कॅमेरा हवाच कशाला होता? त्यासाठी मेनूत चौकट नाही.

शेवटी एक उलटी गोष्ट. आतापर्यंत आपण 'बघू कोणाला द्यायचं नाही' हेच बोलत होतो. २ डिसेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने परमवीर सिंग सैनी खटल्यात आदेश दिला की देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे हवेत: दारं, लॉकअप, व्हरांडे, सगळीकडे, आवाजासकट. रेकॉर्डिंग १८ महिने ठेवायचं, तशी यंत्रणा मिळत नसेल तर किमान एक वर्ष. फुटेज तपासायला जिल्हा पातळीवर समिती. आणि दर्शनी भागात इंग्रजी, हिंदी व स्थानिक भाषेत फलक हवा, की इथे कॅमेरे आहेत, आणि तुमच्या हक्कांवर गदा आली तर हे फुटेज जपून ठेवायला लावण्याचा हक्क तुम्हाला आहे. म्हणजे कॅमेऱ्यात जो दिसतोय, त्याचंही नाव यादीत आलं.

कागदावर आलं. सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायालयाला हा विषय स्वतःहून पुन्हा हाती घ्यावा लागला, कारण कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्या येत होत्या आणि ठाण्यांतले कॅमेरे मात्र चालू नव्हते. ठाण्यातला कॅमेरा चालू ठेवायची जबाबदारी २०२० च्या आदेशानुसार आहे त्याच ठाण्याच्या प्रमुखावर.