कोरा बारा

आमच्या पाटण तालुक्यात तलाठ्याला कुणी तलाठी म्हणत नसे. ते भाऊसाहेब. 1951 साली कुलकर्णी वतन गेलं, दप्तर पगारी माणसाच्या हाती आलं, तरी त्या जागेचा मान काही गेला नाही. पिकं उभी असताना भाऊसाहेब पाहणीला यायचे. पुढं कोतवाल, मागं चार रिकामटेकडे. गाव नमुना सातवर मालकी आणि बारावर पीक, असा तो सातबारा.

खरं सांगायचं तर सगळी रानं ते काही फिरत नसत. डोंगराकडची शेतं चावडीत बसूनच नोंदली जायची. कोतवाल सांगेल ते पीक. एका साली आमच्या भुईमुगाच्या रानात नाचणी लागली. माझे चुलते, तात्या, चावडीवर गेले आणि टोपीभर शेंगा टेबलावर ओतून म्हणाले, "भाऊसाहेब, ही नाचणी खाऊन बघा की!" नोंद तिथल्या तिथं दुरुस्त झाली. शेंगाही तिथंच संपल्या.

15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली. शेतकऱ्यानंच रानात उभं राहून फोटो काढायचा आणि मोबाईलवरून पीक नोंदवायचं. मला ते पटलं होतं. ज्याचं पीक त्यानं लिहावं, यात वाईट काय? पण तात्यांकडं बटणाचा फोन, आणि आमच्या वाडीत रेंज मिळते ती फक्त खिंडीत, म्हसोबापाशी.

म्हणून 2024 च्या गणपतीत मीच फोन घेऊन रानात गेलो. तात्यांनी टोपी नीट केली. म्हटलं, "तात्या, तुमचा नाही, सोयाबीनचा फोटो काढायचाय." फोटो निघाला, माहिती फोनमध्ये साठली. रेंजमध्ये गेल्यावर ती वर चढवायची तेवढी राहिली. खिंड आली तेव्हा मी एसटीत झोपलो होतो. पुण्यात रेंजला काय तोटा! पण तिथं आठवणच झाली नाही. फोनमध्ये आहे म्हणजे झालं, अशी सवयच लागलीय.

त्या साली हमीभाव 4,892 रुपये होता, आणि बाजारात चार हजार मिळायची मारामार. तात्या खरेदी केंद्रावर नाव नोंदवायला गेले. बारा कोरा. पिशवीतून मूठभर सोयाबीन काढून त्यांनी दाखवलं, "सायेब, ह्ये काय मग?" साहेबांनी स्क्रीन त्यांच्याकडं वळवली. "इथं नाही ना, बाबा." भाऊसाहेबांकडून नोंद करून घ्यायची मुदतही उलटली होती. (त्यांचं नावही आता ग्राम महसूल अधिकारी झालंय. तात्या अजून भाऊसाहेबच म्हणतात.)

नऊ क्विंटल माल व्यापाऱ्याला घातला. क्विंटलमागं आठशेचा फटका. मला हे चुलतीकडून कळलं. तात्यांना फोन लावला, तर माझं ऐकून घेतल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "त्यो फोटू हाय का रं अजून तुझ्याकडं?"

"आहे, तात्या."

"मग ऱ्हाऊ दे."