नावाचा ताबा आणि देखभालीचा वारसा : 'सीपॅन' संग्रहाच्या इतिहासातील एक प्रश्न

मुक्तस्रोत आज्ञावल्यांचा इतिहास बहुधा कर्त्यांच्या आणि यंत्रांच्या अनुषंगाने लिहिला जातो. त्यात एक प्रश्न उपेक्षित राहतो. अनेकांनी मिळून वापरावयाच्या मॉड्यूलला नाव कोणी द्यावे, आणि ज्याने ते दिले तो निघून गेल्यावर त्या नावाचे काय व्हावे? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार 'पर्ल' या संगणकभाषेच्या 'सीपॅन' या संग्रहाच्या आधारे करावयाचा आहे. मॉड्यूल म्हणजे ठराविक काम करणारा आणि दुसऱ्याच्या आज्ञावलीत नावाने बोलावता येणारा तयार भाग. 'नावाने बोलावता येणारा' हेच या व्याख्येतील मर्म होय.

पर्लचा कर्ता लॅरी वॉल हा भाषाशास्त्राचा विद्यार्थी होता, ही गोष्ट आपल्या विषयाच्या अभ्यासकांस ठाऊक असावयास हवी. १९८७ मध्ये भाषा प्रसिद्ध करताना तिला इंग्रजीतील 'मोती' या अर्थाचे नाव देण्याचा त्याचा विचार होता. परंतु त्या नावाची एक संगणकभाषा आधीच असल्याचे कळल्यावर त्याने त्यातील एक अक्षर गाळले. म्हणजे नामसंघर्षात माघार घेऊनच ही भाषा जन्मास आली. १९९४ मधील पाचव्या आवृत्तीने मॉड्यूलांची रचना दिली, आणि नावातील घटक जोडण्यासाठी पूर्वीच्या एकेरी अवतरणचिन्हाऐवजी '::' हे चिन्ह रूढ केले.

पुढच्याच वर्षी, १९९५ मध्ये, सीपॅन सुरू झाला. टेक् या अक्षरजुळणीच्या प्रणालीसाठी 'सीटॅन' नावाचा संग्रह आधीपासून होता, त्याचाच हा कित्ता. यार्को हिएतानिएमी यांनी फिनलंडमधील विद्यापीठांच्या संगणकजालावर तो उभा केला. लेखकांनी आपली मॉड्यूले ज्यातून धाडावयाची ती 'पॉज' नावाची यंत्रणा आंद्रेआस क्योनिग यांनी रचली. मॉड्यूलांची यादी टिम बन्स सांभाळीत. या यादीत प्रत्येक नावापुढे चार संकेताक्षरे असत, आणि त्यांतले दुसरे अक्षर मॉड्यूलला आधार कोणाचा आहे हे सांगे. त्या जागी येऊ शकणाऱ्या अक्षरांत 'परित्यक्त' या अर्थाचेही एक होते. लेखक एक दिवस जाणार, हे यादी करणाऱ्यांनी गृहीत धरले होते, यास मी विशेष महत्त्व देतो.

नावे ठेवण्याची पद्धत सामान्याकडून विशेषाकडे जाणारी होती. डेमियन कॉनवे यांचे 'लिंग्वा::ईएन::इन्फ्लेक्ट' हे मॉड्यूल पाहावे. पहिला घटक मानवी भाषांचे क्षेत्र दाखवितो, दुसरा इंग्रजी ही भाषा, तिसरा शब्दरूपे चालविण्याचे काम. मधला घटक भाषानामांच्या आंतरराष्ट्रीय द्व्यक्षरी संकेतांतून घेतलेला आहे. या संकेतावलीत मराठीसाठी 'एमआर' आहे. कोकणीला मात्र द्व्यक्षरी संकेत नाही, तीन अक्षरांवर भागवावे लागते. एका नामव्यवस्थेतील उणीव दुसरीत कशी उतरते, याचा हा घरचाच दाखला. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. नावातील ही उतरंड केवळ नावातील आहे. समान पूर्वपद असलेल्या दोन मॉड्यूलांचा परस्परांशी काहीही संबंध नसू शकतो. पर्लची यंत्रणा त्या पदांना अर्थ देत नाही, तो वाचणारा देतो. केवळ विनोदासाठी लिहिलेल्या मॉड्यूलांनाही 'अॅक्मी' हे स्वतंत्र पूर्वपद लाभले, त्यामुळे थट्टा आणि काम यांची सरमिसळ टळली.

नवे नाव घेण्यापूर्वी जाणत्यांशी विचारविनिमय करावा, अशी आरंभीची अपेक्षा होती. ती पाळणे सक्तीचे नव्हते, आणि मॉड्यूलांची संख्या वाढत गेली तशी यादी मागे पडली. टिकला तो साधा नियम : जो प्रथम नाव वापरील, त्याचे ते नाव. मात्र या नियमाची अंमलबजावणी जेथे होते ती जागा लक्षणीय आहे. दुसऱ्या कोणी त्याच नावाचे मॉड्यूल धाडले, तर संग्रह ते नाकारीत नाही. त्या माणसाच्या कप्प्यात ते पडून राहते. फक्त संग्रहाच्या सूचीत ते नाव त्याच्याकडे वळविले जात नाही. शोधणारा जातो तो सूचीवरून. म्हणून नाव खऱ्या अर्थाने सूचीत असते, वस्तूत नव्हे. चिन्ह आणि अर्थ यांचा संबंध समाजाच्या संकेतावर उभा असतो, हे सोस्यूरचे प्रतिपादन आपण वर्गात शिकवितो. येथे तो संकेत एका फाइलीत लिहून ठेवलेला दिसतो.

आता वारशाचा प्रश्न. लेखक स्वतः आपला हक्क दुसऱ्यास देऊ शकतो, किंवा कोणास सहदेखभालीचा अधिकार देऊ शकतो. लेखकाचा पत्ताच लागत नसेल, तर इच्छुकाने प्रथम त्याच्याशी संपर्काचा प्रयत्न करावा, आपला मनोदय जाहीर करावा, काही काळ थांबावे, आणि मग पॉजच्या व्यवस्थापकांकडे मागणी करावी, असा प्रघात आहे. दख्खनमधील मिराशीशी याची तुलना करण्याचा मोह होतो. परागंदा मिरासदार वर्षांनी परतला, तरी जमिनीवरील त्याचा हक्क मानला जाई, मधल्या काळात कसणारा कोणीही असो. सीपॅनमध्येही पुष्कळदा नव्या माणसास सहदेखभालीचाच अधिकार मिळतो व आद्य धारक नोंदीत तसाच राहतो. पण मिराशी बहुधा जन्माने मिळे. येथे कसण्याची तयारी हीच एकमेव पात्रता. ही रीत संथ आहे, आणि मोजक्या स्वयंसेवकांच्या विवेकावर चालते, हा तिचा दोष मान्य करावा लागेल.

तथापि तिचे मोल कळते ते जावास्क्रिप्टसाठी असलेल्या 'एनपीएम' या संग्रहाशी ताडून पाहता. २०१६ च्या मार्चमध्ये 'किक' या मॉड्यूलनामावर त्याच नावाच्या एका कंपनीने हक्क सांगितला, आणि संग्रहाच्या चालकांनी ते नाव लेखकाकडून काढून घेतले. त्याने रागाने आपली २५० हून अधिक मॉड्यूले मागे घेतली. त्यांत 'लेफ्ट-पॅड' हे अवघ्या ११ ओळींचे, अक्षरमालेच्या डावीकडे भर घालणारे मॉड्यूल होते. त्यावर प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे विसंबलेल्या असंख्य आज्ञावल्यांची बांधणी अडली. अखेर चालकांनी लेखकाच्या संमतीवाचून ते परत ठेवले आणि पुढे मॉड्यूल मागे घेण्यावर निर्बंध घातले. २०१८ मध्ये याच्या उलट प्रकार घडला. 'इव्हेंट-स्ट्रीम' या मॉड्यूलच्या लेखकास त्यात रस उरला नव्हता. एका अनोळखी माणसाने देखभाल मागितली आणि त्याने ती दिली. नव्या धारकाने बिटकॉइनच्या एका पाकिटावर डल्ला मारणारा भाग त्यातून शिरकविला. तो उघडकीस येण्यास दोन महिन्यांहून अधिक काळ लागला. पहिल्या प्रसंगी नाव धारकाची मालमत्ता मानले गेले काय, याविषयी वाद झाला. दुसऱ्या प्रसंगी ते मालमत्तेसारखेच सहज हस्तांतरित झाले, आणि त्या नावावर भरवसा ठेवणाऱ्यांना धारक बदलल्याचे कळलेही नाही. पॉजची रीतही लबाड माणसास ओळखू शकेल असे नाही, कारण लेखकाने स्वखुशीने हक्क दिल्यास तेथेही कोणी आड येत नाही. मात्र बेपत्ता लेखकाचे नाव मागणाऱ्यास तेथे आधी चारचौघांत उभे राहावे लागते.

सीपॅनमधून लेखकाने काढून टाकलेले मॉड्यूल 'बॅकपॅन' या जोडसंग्रहात राहते. म्हणून तेथे रागाने काही नाहीसे करणे कठीण. ज्यास देखभाल सोडावयाची आहे, त्याच्यासाठी पॉजमध्ये 'अॅडॉप्टमी' म्हणजे 'मला दत्तक घ्या' या नावाचा एक काल्पनिक लेखक नोंदलेला आहे. सहदेखभाल त्याच्या नावे केली, की मॉड्यूल वारसाच्या शोधात असल्याचे सूची पाहणाऱ्या कोणासही समजते.