महाकाव्याचा निवेदक : सांगली ते दूरदर्शन

महाकाव्य नव्या माध्यमात उतरविताना पहिला प्रश्न कथाभागाच्या निवडीचा नसून बोलणार कोण, हा असतो. काव्यात निवेदन तृतीयपुरुषी चालते. रंगभूमीवर वा पडद्यावर पात्र समोर उभे असल्याने ते प्रथमपुरुषी बोलते. मग निवेदकाची सोय कोठे लावावयाची?

आमच्या भागात हा प्रश्न १८४३ मध्येच उपस्थित झाला. १८०१ मध्ये मिरजेपासून वेगळ्या झालेल्या सांगली संस्थानात, चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने, विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' रंगविले. निवेदनाची पदे सूत्रधाराने म्हणावयाची व त्या अनुरोधाने पात्रांनी उत्स्फूर्त गद्य भाषणे करावयाची, अशी त्यांची पद्धती होती. या प्रयोगास आद्य मराठी नाटक म्हणण्याचा प्रघात आहे. तंजावरच्या भोसल्यांच्या दरबारातील मराठी नाटके त्याहून जुनी असल्याने तो सावधपणेच पाळावा. पण या वादात भाव्यांनी केलेली पद्य-गद्याची वाटणी झाकली जाते, हे अधिक खेदकारक.

पुणे आकाशवाणीवरील 'गीतरामायणा'त ग. दि. माडगूळकरांनी ही वाटणी मोडली. (त्यांचे जन्मगाव शेटफळे आज सांगली जिल्ह्यातच येते.) १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीपासून पुढल्या रामनवमीपर्यंत दर आठवड्यास एक गीत, आणि ते वर्ष अधिकमासाचे असल्यामुळे एकूण ५६. आरंभी कुश-लव निवेदक म्हणून येतात. पुढे बहुतेक गीते पात्रांच्याच मुखी आहेत. वक्ता दिसत नसल्याने त्याची ओळख संबोधनांवरून व सर्वनामांवरून पटवावी लागते. ती इतकी पक्की साधली आहे की पुढे सुधीर फडके एकट्यानेच सर्व गीते गाऊ लागले, तरी श्रोत्याचा गोंधळ झाला नाही.

दूरदर्शनवरील 'महाभारता'त (१९८८-९०, ९४ भाग) बी. आर. चोप्रा व संवादलेखक राही मासूम रझा यांनी निवेदक पुन्हा आणला, मात्र काळाच्या रूपाने. काळ स्वतःविषयी प्रथमपुरुषी बोलतो. युक्ती प्रभावी खरी; परंतु मूळ काव्यात वैशंपायन जनमेजयाला सांगतो, संजय धृतराष्ट्राला; ऐकणारा प्रश्न विचारतो आणि कथा वळते. काळापुढे असा कोणी नाही. पीटर ब्रूक यांच्या 'महाभारता'त (रंगभूमीवर १९८५, पडद्यावर १९८९) व्यासांपुढे एक मुलगा बसविलेला आहे, आणि तो वारंवार विचारतो. भाव्यांच्या सूत्रधारापुढेही त्याला अडवून प्रश्न करणारा विदूषक होताच.