आजचा मनुष्य अश्मयुगांत जगेल काय?

आजच्या एखाद्या सुशिक्षित नागरिकास २५,००० वर्षांपूर्वींच्या अरण्यांत एकट्यालाच सोडून दिलें, तर तो किती दिवस जगेल, हा प्रश्न प्रथमदर्शनीं केवळ करमणुकीचा वाटतो. ज्या मनुष्यजातीनें अणूचें अंतरंग उलगडलें व चंद्रावर पाऊल ठेवलें, तिच्यांतील कोणीहि दगडाच्या हत्यारांवर गुजराण करणाऱ्या पूर्वजांपेक्षां वरचढच असला पाहिजे, असें कांहींना वाटतें. उलट, शहरांतला मनुष्य नाजूक झाला, त्याच्या अंगांत पूर्वजांची रग उरली नाहीं, म्हणून तो तेथें टिकणार नाहीं, असें दुसरे म्हणतात. दोन्ही पक्ष मनुष्याचें बळ त्याच्या एकट्याच्या देहांत किंवा डोक्यांत शोधतात. आणि नेमकी तेथेंच त्यांची चूक होते. असल्या प्रश्नाचें उत्तर हवेंत शोधण्यापेक्षां एखाद्या परिचित भूमीवर शोधावें हें बरें. वऱ्हाडांतील बुलढाणा जिल्हा या कामीं फार उपयोगी आहे.

या जिल्ह्याचे निसर्गत:च तीन भाग पडतात. दक्षिणेस अजिंठ्याच्या डोंगररांगेचें पठार. पैनगंगा याच पठारावर उगम पावते. मध्यें पूर्णेच्या खोऱ्यांतील काळी, सपाट जमीन. आणि उत्तरेस जळगांव जामोद व संग्रामपूर या तालुक्यांच्या कडेला उभा असलेला सातपुडा. अजिंठ्याची हीच रांग पश्चिमेकडे खानदेशांत शिरते. तेथें तिच्या पायथ्याशीं, चाळीसगांव तालुक्यांत, पाटणें नांवाचें गांव आहे. तेथील उत्खननांत शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि रेषा कोरलेला कवचाचा तुकडा मिळाला असून, त्यांचा काळ सुमारे २५,००० वर्षांपूर्वींचा ठरला आहे. ज्या डोंगरांत आज शहामृगाचें नांवहि कोणी घेणार नाहीं, तेथें त्या काळीं हा पक्षी वावरत होता. अर्थात् भूमि आजच्याहून कोरडी व अधिक गवताळ असावी.

या मण्यांवरून आणखी एक गोष्ट ध्यानांत येते. कवच घासून गोल करणारा, त्यास बारीक भोंक पाडून तें ओंवणारा मनुष्य केवळ पोट भरण्यापुरता जगत नव्हता. त्याचा सांगाडा आणि मेंदू आपल्यासारखाच होता. त्याचें तान्हें मूल आज बुलढाण्याच्या शाळेंत घातलें, तर तें इतर मुलांबरोबर पाढे म्हणूं लागेल; आणि आजचें तान्हें मूल त्याच्या कळपांत वाढलें, तर तें दगड घडवूं लागेल. म्हणजे जन्मजात फरक असा कांहींच नाहीं. मग प्रौढ वयाच्या नागरिकास तेथें उणें काय पडेल?

पहिलें उणें पाण्याचें. वैशाखांतील एका दुपारीं हा गृहस्थ लोणारच्या विवराच्या कांठावर उभा आहे, अशी कल्पना करावी. उल्का आदळून काळ्या पाषाणांत झालेलें हें विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. पूर्वीं त्याचें वय ५०,००० वर्षांच्या आसपास धरीत. अलीकडच्या कालमापनानें तें ५,७०,००० वर्षांपर्यंत मागें नेलें आहे. कोणतेंहि मत स्वीकारलें, तरी त्या काळीं तें विवर तेथें होतेंच. तळाशीं पसरलेलें पाणी पाहून तहानलेला मनुष्य धांवत उतरेल आणि ओंजळ तोंडाला लावतांच थुंकून टाकील. कारण तें पाणी खारें व अतिशय क्षारयुक्त आहे. येथील क्षार कांच व साबण करण्यास उपयोगी पडतात, अशी नोंद अबुल फजलच्या ‘आइने-अकबरी’तहि आहे. मौज ही कीं, याच विवराच्या कडेला गोड पाण्याची अखंड धार आज वाहते. समोर दिसतें तें पाणी प्यावयाचें नाहीं आणि आड असलेलें शोधावयाचें, हें ज्याला आधीं कोणी सांगितलें असेल, त्याचेच प्राण वांचतील.

दुसरें उणें विस्तवाचें. दोन गारगोट्या एकमेकींवर आपटल्या कीं विस्तव पेटतो, अशी पुष्कळांची समजूत असते. गारगोट्यांतून ठिणगी दिसते खरी; पण ती कापूस पेटविण्याइतकी तापलेली नसते. आपल्या आजोबांच्या चकमकींत विस्तव पडे तो पोलादामुळें, आणि पोलाद तर अजून हजारों वर्षें दूर आहे. राहतां राहिलें लांकडावर लांकूड घुसळणें. यज्ञांतील अरणीमंथन हा त्याचाच जपून ठेवलेला अवशेष होय. ज्यांनीं तें पाहिलें असेल त्यांस ठाऊक आहे कीं, लांकूड कोणतें, किती वाळलेलें, दाब किती, याचा थोडा घोटाळा झाला तरी हाताला फोड येतात, विस्तव येत नाहीं. हत्यारांचीहि तीच गत. नदीपात्रांतील अकीक व तत्सम दगड पातें काढण्यास उत्तम; परंतु घाव कोठें व कोणत्या कोनानें घालावा हें हाताला शिकवावें लागतें. नवशिक्याचा घाव दगडाचा चुरा करतो, नाहीं तर बोट फोडतो.

तिसरें आणि सर्वांत कठीण उणें अन्नाचें. थंडीच्या दिवसांत घरोघरीं लाडवांत गोडंबी पडते. ही गोडंबी बिब्ब्याच्या फळाच्या आंत असते, आणि तिच्यावरच्या टरफलांत अंगावर उतून फोड आणणारें तेल भरलेलें असतें. दोहोंमध्यें अंतर एका बोटाच्या पेराएवढेंहि नाहीं. कित्येक रानकंदांचें असेंच आहे. कच्चे खाल्ले तर घसा सुजतो, वांति होते. तेच पातळ चिरून, उकडून, वाहत्या पाण्यांत ठेवले म्हणजे पोटभर अन्न होतात. अरण्य उपाशी ठेवीत नाहीं, परंतु तें अजाणत्याला वाढीतहि नाहीं.

हा तर्क नव्हे. याचा दाखला इतिहासांत आहे. ऑस्ट्रेलिया खंड दक्षिणोत्तर ओलांडण्यासाठीं बर्क व विल्स यांची सुसज्ज मोहीम ऑगस्ट १८६० मध्यें मेलबर्नहून निघाली. उत्तर किनाऱ्यापर्यंत पोंचून परत येतांना त्यांची शिधासामग्री संपली. कूपर नांवाच्या ओढ्याकांठीं तेथील यांद्रुवांद्रा लोक पिढ्यान्‌पिढ्या सुखानें राहत होते. नार्डू नांवाच्या एका पाणवनस्पतीच्या बीजकोशांचें पीठ ते खात, हें पाहून या पाहुण्यांनींहि तें खाण्यास आरंभ केला. पोट भरे, पण शक्ति दिवसेंदिवस घटत जाई. त्या पिठांत ‘ब’ जीवनसत्त्वाचा नाश करणारें द्रव्य असतें, आणि भाजणें, पाण्यांत कालविणें इत्यादि स्थानिक संस्कारांनीं त्याचा जोर कमी होतो, असा उलगडा पुढील काळांतील अभ्यासकांनीं केला. पाहुण्यांनीं पदार्थ उचलला, कृति उचलली नाहीं. शिवाय त्या लोकांवर बंदूक झाडून बर्कनें त्यांना दूर लोटलें होतें. १८६१ च्या जूनअखेरच्या सुमारास बर्क व विल्स मरण पावले. त्यांचा सोबती किंग मात्र त्या लोकांच्या आश्रयास गेला. त्यांनीं त्याला खाऊं घातलें आणि सप्टेंबरांत तो जिवंत सांपडला. अन्न, हवा, भूमि तीच. फरक होता तो आश्रयाचा.

देहाच्या व्याधींचाहि विचार केला पाहिजे. पायांत कांटा मोडून जखम चिघळली, आंत्रपुच्छ सुजलें, साप चावला, तर तेथें शस्त्रक्रिया नाहीं कीं सुई नाहीं. लहान मुलांची तर फारच दैना होई. शेती येऊन स्थिरता आल्यावरहि ती संपली नाहीं. पुणें जिल्ह्यांत घोड नदीकांठीं इनामगांव येथें १९६८ ते १९८३ या काळांत डेक्कन कॉलेजनें जें उत्खनन केलें, त्यांत इ. स. पूर्व १६०० ते ७०० या काळांतील वस्ती उजेडांत आली. घरांच्या जमिनीखालीं मडक्यांत पुरलेलीं मुलें तेथें मोठ्या संख्येनें मिळालीं. एकूण दफनांत बहुसंख्या मुलांचीच आहे. मूल गेलें तरी तें घराबाहेर जाऊं नये, असें त्या आईबापांस वाटत असेल काय, हा विचार मनांत आल्यावांचून राहत नाहीं. मात्र बालपण निभावलें कीं पुष्कळ जण साठी गांठीत, असें शिकारीवर व कंदमुळांवर जगणाऱ्या समाजांच्या अभ्यासावरून दिसतें. तेव्हां मनुष्य तिशींतच म्हातारा होऊन मरे, ही समजूत खरी नव्हे.

आणि जे वांचत, ते एकमेकांच्या आधारानें वांचत. इराकमधील शानिदार गुहेंत १९५७ सालीं निअँडरथल जातीच्या एका पुरुषाचा सांगाडा मिळाला. त्याचा एक हात निकामी होता आणि एका डोळ्यावर जबर आघात झालेला होता. तरी या दुखापतींनंतर तो अनेक वर्षें जगला. अशा अपंगाला कोणी तरी वाटा देत असलें पाहिजे. एकट्या नागरिकास जें मिळणार नाहीं तें हेंच.

या संबंधांत अंदमानांतली एक हकीकत लक्षांत घेण्यासारखी आहे. १८५८ सालीं तेथें वसविलेल्या कैद्यांच्या वसाहतींतून दूधनाथ तिवारी नांवाचा शिपाई अनेक सोबत्यांसह पळाला. अरण्यांत अंदमानी लोकांनीं त्यांच्यावर हल्ला केला. सोबती मारले गेले, हा जखमी झाला. पुढें त्याच लोकांनीं त्याला आपल्यांत घेतलें, आणि शेती अथवा धान्य यांचें नांव नसलेल्या त्या जीवनांत तो एक वर्षाहून अधिक काळ राहून मे १८५९ मध्यें परत आला. अंदमानी लोक कांहीं अश्मयुगांतले नव्हेत. ते दूधनाथचे समकालीनच होते. परंतु परका मनुष्य अरण्यांत कशाच्या बळावर जगतो, हें त्यावरून कळतें.

या हकीकतीची दुसरी बाजू अधिक दु:खद आहे. बाहेरच्या लोकांशीं संबंध आल्यावर त्या बेटांत नवे रोग शिरले. १८७७ सालीं गोंवराच्या सांथीनें मोठा संहार झाला. आणि हजारोंच्या संख्येनें असलेले ग्रेट अंदमानी १९६१ च्या शिरगणतींत अवघे १९ उरले. तेव्हां आजचा मनुष्य खरोखरच अश्मयुगांत उतरला, तर पूर्वजांपासून त्याला जेवढें भय, त्याहून त्याच्या श्वासापासून पूर्वजांना अधिक भय असेल.

एवढ्या विवेचनावरून उत्तर हातीं येतें. एकटा नागरिक बहुधा कांहीं दिवस, फार तर कांहीं आठवडे तग धरील. एखाद्या समूहानें त्याला पदरांत घेतलें, तर शिकून-सवरून वर्षानुवर्षें जगेल. अश्मयुगांत मनुष्याला तारीत होतें तें वृद्धांच्या स्मरणांत व बोलण्यांत सांठविलेलें ज्ञान. तेथें ग्रंथ नव्हते. भाषा हाच ग्रंथ होता.

अशा एका ग्रंथाचीं पानें याच जिल्ह्यांत अजून शिल्लक आहेत. जळगांव जामोद तालुक्यांत, सातपुड्याच्या पायथ्याच्या गांवीं, निहाली भाषा बोलणारे लोक राहतात. पलीकडच्या मध्यप्रदेशांतील धरून त्यांची संख्या अवघी दोन-अडीच हजार भरते. डच पंडित कुइपर यांनीं १९६२ सालीं या भाषेचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला. तींत कोरकू, द्राविडी व मराठी-हिंदी शब्दांचा भरणा मोठा असला, तरी सुमारे चतुर्थांश शब्दांचें नातें जगांतील कोणत्याहि ज्ञात भाषेशीं जुळत नाहीं. आर्य, द्राविड व मुंडा या कुळांच्या आधींच्या एखाद्या भाषेचा हा अवशेष असावा, असें कांहीं अभ्यासक मानतात. हे लोक आजचेच आहेत; त्यांचीं मुलें शाळेंत जातात, मराठी बोलतात, आणि तें योग्यच आहे. परंतु कोणता कंद कसा गोड करावा, कोणत्या झऱ्याला ज्येष्ठांतहि पाणी असतें, हें आपल्या बोलींत सांगणारी शेवटची वृद्धा गेली आणि तें कोणी लिहून घेतलेलें नसलें, तर सातपुड्यांतला तिचा नातूहि लोणारच्या कांठावरील त्या नागरिकाइतकाच पोरका होईल. पुण्याच्या डेक्कन कॉलेजांतील भाषाशास्त्रज्ञांनीं निहालीच्या नोंदी करण्याचें काम केलें आहे. तेवढ्यावर न थांबतां, ज्यांना सवड व लेखणी आहे अशा जिल्ह्यांतील शिक्षकांनीं आपापल्या गांवच्या वृद्धांकडून रानाचें हें ज्ञान उतरून घेतलें पाहिजे. आणि तें हीं माणसें आहेत तोंवरच होण्यासारखें आहे.